मुलांना बाहेर नेणाऱ्या मोठ्यांची तयारी

आपल्या वसतिगृहातील मुलांना लेणी पाहण्यास, गडावर किंवा नदीकाठच्या शिबिरास न्यावयाचे ठरले की माजी विद्यार्थी आणि पालक आपणहून पुढे येतात. कोणी रजा टाकतो, कोणी टेम्पोची सोय करतो, कोणी भाकऱ्यांचे पाहतो. ही आस्था शाळेची मोठी ठेव आहे. तथापि आस्थेवाईक माणूस चाळीस मुलांना सुखरूप परत आणू शकेलच, असे नाही. त्यातही आपली शाळा निवासी. मुलाचे आईवडील दीडदोनशे किलोमीटर दूर कामावर असतात. त्यांनी सही करून मूल आपल्या स्वाधीन केलेले असते. म्हणून सहलीचा स्वयंसेवक कसा तयार करावा, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला एखादी दुर्घटना पुष्कळ शिकवते. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाईम बे येथे, प्लिमथमधील एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक छोट्या होड्या वल्हवत निघाले. वाऱ्याने होड्या किनाऱ्यापासून दूर नेल्या, त्यांत पाणी भरले, आणि थंड समुद्रात चार मुलांचा अंत झाला. प्रशिक्षकांचे शिक्षण अगदी प्राथमिक दर्जाचे होते. संकटाचा इशारा देण्याचे साधन जवळ नव्हते, आणि मदत निघेपर्यंत कित्येक तास उलटले. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, त्या केंद्रातून बाहेर पडलेल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी व्यवस्थापनाला पत्र लिहून धोक्याची सूचना दिली होती. १९९४ साली ती कंपनी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली आणि तिच्या प्रमुखास तुरुंगवास झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने साहसकेंद्रांना परवाना आवश्यक करणारा कायदा केला. परंतु स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नेणारी शाळा आणि स्वतःच्या सभासदांना नेणारी स्वयंसेवी संस्था यांना त्या परवान्यातून वगळण्यात आले. म्हणजे आपल्यासारख्यांना कायद्याचा पहारा तिथेही नाही. तो आपला आपणच ठेवावयाचा.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तर वयाने वाढलेली मुले होती.

पाण्याविषयी मला जरा थांबून लिहावयाचे आहे. खेड्यातला मुलगा पोहणारच, असे शहरातला स्वयंसेवक धरून चालतो. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकावे, ही आपल्या खेड्यांची रीत खरीच. पण ती विहीर कोणाची होती? ज्या समाजाला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले, त्याच्या वाट्याला पोहायची विहीर कोठून यावी? आमच्या पिढीतील कितीतरी जणांना पोहता येत नाही, त्यात मीही आलो. आणि जे बापाला येत नाही ते मुलाला शिकवणार कोण? म्हणून ‘पोहता येते का?’ हा प्रश्न मुलांना सर्वांदेखत विचारू नये. हात वर होतात, ते लाजेने. एकेकट्यास विचारावे, आणि तरीही कोणासच येत नाही असे समजून वागावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते, हाक मारण्यास श्वासच उरत नाही. काठावरचा एक प्रौढ केवळ पाहण्यासाठी असावा. त्याने मोबाईलवर छायाचित्रे काढू नयेत. त्याच्याजवळ दोर, लांब बांबू आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन असावा. उडी टाकण्याचा मोह आवरून आधी बांबू पुढे करणे, दोर फेकणे, हे प्रत्येक स्वयंसेवकाकडून दहादहा वेळा करून घ्यावे.

मोजणीचेही तसेच. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका शाळेत असताना, आम्ही बसमध्ये मुले मोजली, मुक्कामी पोहोचल्यावर मोजली. मध्ये मोजली नाहीत. उतरताना एक मूल कमी भरले. पाय मुरगळल्यामुळे ते मागच्या वळणावर दगडाला टेकून बसले होते. ते सापडेपर्यंतची वीस मिनिटे मला आजही आठवतात. त्याने हाक का मारली नाही, असे विचारले तर म्हणाले, “सर रागावतील.” तेव्हापासून माझ्या सहलीत सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक प्रौढ असतो, मागच्याच्या मागे कोणीही राहावयाचे नाही. मुलांच्या जोड्या लावलेल्या असतात, आणि जोडीदार दिसेनासा झाला की सांगणाऱ्यास शाबासकी मिळते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लेण्यांवर आणि कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, दगडफेक, उग्र अत्तर यांना सक्त मनाई. सर्पदंश झाल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता मुलास चालू न देता, दंशाचा अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गडगडाट ऐकू आला की माथा सोडावा, झाडाखाली थांबू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तोंडपाठ हवे. चमचा चहाचा.

इंग्लंडात गिलवेल पार्क येथे १९१९ पासून स्काऊटच्या प्रौढ नायकांसाठी वर्ग भरू लागले. त्यांत मोठी माणसे मुलांसारखीच तुकड्यांत विभागून तंबूत राहत आणि सगळे स्वतः करत. पद्धत घेण्याजोगी आहे. नुसत्या व्याख्यानाने हे येत नाही.

प्रशिक्षणातील सर्वांत कठीण भाग म्हणजे परत फिरणे. मुले उत्साहात असतात, पैसे भरलेले असतात, प्रमुख पाहुणे वर वाट पाहत असतात; अशा वेळी ‘आज वर जावयाचे नाही’ असे म्हणण्यास धैर्य लागते. हा अधिकार सर्वांत तरुण स्वयंसेवकासही असावा आणि त्याने तो वापरला तर मुख्याध्यापकांनीही वाद घालू नये.

आणखी एक विषय, ज्यावर आपण बोलणे टाळतो. एका मुलाबरोबर एकच प्रौढ, दाराआड किंवा तंबूत, कधीही असू नये. मुलींच्या तुकडीसोबत किमान दोन स्त्रिया हव्यात. २०१२ चा पोक्सो कायदा प्रत्येक स्वयंसेवकास वाचून दाखवावा. ओळखीचा, नात्यातला, चळवळीतला म्हणून कोणास सूट नको. चांगल्या माणसास या नियमाचा राग येत नाही.

सहलीपूर्वी पंधरा दिवस स्वयंसेवकांनी मुलांशिवाय तीच वाट चालून यावी. मोबाईलची रेंज कोठे संपते, पाणी कोठे आहे, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस आहे की नाही, हे विचारून लिहून आणावे. कोणत्या मुलास दमा आहे, कोणास फिट येते, याची यादी त्यास जोडावी. या कागदाची एक प्रत वसतिगृह अधीक्षकांच्या टेबलावर राहील. त्यावर परतीची वेळ लिहिलेली असेल, आणि ती टळून एक तास झाला की कोणाच्या निरोपाची वाट न पाहता अधीक्षकांनी दूरध्वनी करावयास सुरुवात करावयाची आहे.