पुढील स्प्रॉकेट नट (मोटारसायकल)

पुढील स्प्रॉकेट नट हा मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर पुढील स्प्रॉकेट (लहान दंतचक्र) जागेवर धरून ठेवणारा नट होय. हा नट सैल झाल्यास किंवा त्याचे आटे गेल्यास स्प्रॉकेट शाफ्टवर हलू लागते. ते निसटले तर साखळी गोळा होऊन इंजिनचे आवरण फुटू शकते किंवा मागील चाक अचानक अडकून अपघात होऊ शकतो. नट स्वस्त असतो व सहज बदलता येतो. शाफ्ट बदलण्यासाठी मात्र इंजिन उतरवून उघडावे लागते. म्हणून या दुरुस्तीत शाफ्टवरील आटे वाचवणे हे मुख्य उद्दिष्ट असते.

रचना

शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेने खाचा (स्प्लाइन) असतात आणि स्प्रॉकेटच्या छिद्रातील खाचा त्यांत बसतात. इंजिनचा जोर या खाचांमधून साखळीकडे जातो. स्प्रॉकेट शाफ्टवर आतबाहेर सरकू नये, एवढेच नटाचे काम असते. नट आपोआप फिरू नये म्हणून त्याखाली कडा दुमडता येणारा लॉक वॉशर किंवा बशीसारखा फुगीर स्प्रिंग वॉशर वापरतात.

सर्व गाड्यांत ही रचना सारखी नसते. हिरो स्प्लेंडरसारख्या कमी क्षमतेच्या अनेक गाड्यांत मधला नट नसतो. शाफ्टच्या खाचेत फिरवून बसवलेली पट्टी दोन लहान बोल्टांनी स्प्रॉकेटला जोडलेली असते. तेथे आटे स्प्रॉकेटमध्येच असल्याने ते गेल्यास नवे स्प्रॉकेट बसवून काम भागते. नॉर्टन कमांडो या ब्रिटिश गाडीत नटाचे आटे उलटे असतात. अशा ठिकाणी नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास नट सुटण्याऐवजी अधिक आवळला जातो.

कारणे व लक्षणे

वेग वाढवताना आणि कमी करताना स्प्रॉकेटवरील जोराची दिशा सतत बदलते. खाचा झिजलेल्या असल्यास प्रत्येक बदलागणिक स्प्रॉकेट किंचित हलते आणि नट हळूहळू सैल होतो. नट अपुरा आवळणे, जुना लॉक वॉशर पुन्हा वापरणे, आट्यांवर मळ राहणे, तसेच साखळी अतिशय ताणलेली किंवा तिरकी असणे ही इतर कारणे होत. स्प्रॉकेटजवळून खटखट आवाज येणे, साखळीला झटके बसणे आणि आवरणाच्या आत धातूचा चुरा किंवा गंजासारखी तांबूस पूड आढळणे ही प्रमुख लक्षणे आहेत. खाचा पूर्ण झिजल्यास गिअर पडूनही गाडी पुढे जात नाही.

नट सोडवणे

प्रथम लॉक वॉशरची दुमडलेली कडा छिन्नीने सपाट करतात. साखळी जागेवर ठेवून, मागील चाक जमिनीवर टेकवून व मागील ब्रेक दाबून धरून लांब दांड्याच्या पान्याने नट सोडवतात. साखळी व स्प्रॉकेट यांच्यामध्ये पहार अडकवल्यास इंजिनचे आवरण फुटण्याचा धोका असतो. नटाचे कोपरे गोल झाले असल्यास षट्कोनी सॉकेट वापरतात; बारा कोनांचे सॉकेट अशा वेळी घसरते. तरीही नट न सुटल्यास त्याच्या एका बाजूस शाफ्टला न लागेल इतकेच छिद्र पाडून छिन्नीने तो फोडतात.

आट्यांची दुरुस्ती

- केवळ नटाचे आटे गेले असल्यास त्याच मापाचा नवा नट व नवा लॉक वॉशर बसवतात.
- शाफ्टचे आटे किंचित दबले असल्यास योग्य मापाच्या डायने किंवा आट्यांच्या कानशीने ते साफ करतात. नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे.
- शाफ्टचे आटे बरेच गेले असल्यास यंत्रशाळेत कमी व्यासाचे नवे आटे पाडता येतात. शाफ्टचा पृष्ठभाग कठीण केलेला असल्याने हे काम साध्या अवजारांनी नीट होत नाही.
- खाचाही झिजल्या असल्यास शाफ्ट बदलणे हाच खात्रीचा उपाय असतो.

नट शाफ्टला वेल्डिंग करणे हा केवळ तात्पुरता इलाज आहे. उष्णतेने ऑइल सील खराब होते व शाफ्टचा कठीणपणा कमी होतो. वेल्डिंगचा विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेल्यास तेही निकामी होऊ शकते. पुढे स्प्रॉकेट बदलणेही अवघड होते.

पुन्हा बसवणे

आट्यांवरील तेल व जुना थर पुसून, उत्पादकाने सांगितले असल्यास मध्यम ताकदीचे थ्रेड लॉक लावतात. नट टॉर्क पान्यानेच आवळतात. सुझुकी एसव्ही ६५० या गाडीत हे मूल्य १४५ न्यूटन-मीटर आहे; म्हणजे ५० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. इतर गाड्यांचे मूल्य त्यांच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असते. शेवटी लॉक वॉशरची कडा नटाच्या सपाट बाजूवर दुमडून साखळीचा ढिलेपणा तपासतात. काही दिवस गाडी चालवल्यानंतर नट पुन्हा पाहणे आवश्यक असते. योग्य रीतीने आवळूनही तो सैल होत असेल, तर दोष बहुधा खाचांच्या झिजेत असतो.