मधलं ताट

मोरोक्कोतल्या घरात जेवायला बसलं की प्रत्येकासमोर वेगळं ताट येत नाही. बुटक्या गोल टेबलाभोवती सगळे दाटीवाटीनं बसतात. कुणीतरी तस्त आणि झारी घेऊन फिरतं, एकेकाच्या हातावर पाणी घालतं. मग टेबलाच्या मधोमध एकच मोठं ताट येतं, त्यातून वाफा निघत असतात. ‘बिस्मिल्ला’ म्हणून उजव्या हाताच्या तीन बोटांनी जेवण सुरू होतं. चमच्याचं काम बहुतेक वेळा रोटीचा तुकडाच करतो.

या एका ताटाला न दिसणाऱ्या रेषा असतात. आपल्यासमोर जेवढा भाग येतो तेवढाच आपला. पलीकडे हात घालणं असभ्यपणाचं. मांस मध्यभागी असतं आणि त्याच्याकडे शेवटी वळायचं असतं. यजमान त्यातला मऊ तुकडा बोटांनी मोकळा करतो आणि पाहुण्याच्या बाजूला सरकवतो. तोंडानं काही बोलावं लागत नाही.

आपल्याला हे चित्र थोडं अवघडच वाटतं. आपल्या पंगतीत शंभर माणसं मांडीला मांडी लावून बसली तरी पान ज्याचं त्याचं असतं. उष्ट्याचा विचार आपल्या अंगात इतका मुरलेला आहे की शेजारच्याच्या पानात बोट घालण्याची कल्पनाही सहन होत नाही. मोरोक्कोत नेमकं उलट. तिथे वेगळं ताट वाढणं म्हणजे माणसाला बाजूला बसवणं.

म्हणूनच मोरोक्कन जेवणाचा ‘टेस्टिंग मेन्यू’ हा मला साध्या फॅशनपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. टेस्टिंग मेन्यू म्हणजे स्वयंपाकघरानं ठरवलेल्या क्रमानं येणारे आठ-दहा किंवा त्याहून जास्त छोटे पदार्थ, प्रत्येकाला स्वतंत्र बशीत. ही रीत फ्रान्समध्ये वाढली. स्पेनमधल्या ‘एल बुली’ या रेस्टॉरंटनं 2011मध्ये बंद होईपर्यंत तिला टोकाला नेलं. या रीतीत प्रत्येकाची बशी अलग असते. मोरोक्कन शेफनं ती स्वीकारायची तर आधी टेबलाच्या मधलं ताट उचलावं लागतं. ते उचलल्यावर काय हाती येतं, आणि ते पुन्हा ठेवायला जागा उरते का, याची दोन उत्तरं दोन माणसांनी दोन खंडांत शोधली आहेत.

पहिला माणूस मुराद लाहलू. जन्म कासाब्लांकाचा, बालपण मराकेशच्या जुन्या शहरात, आजोबांच्या मोठ्या घरात. 1980च्या दशकात तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला तो अर्थशास्त्र शिकायला. स्वयंपाकाच्या कुठल्याही शाळेत तो गेला नाही. घरची आठवण येऊ लागली तेव्हा घरातल्या बायकांच्या हातचं जेवण आठवून आठवून स्वतःच रांधू लागला. वास आणि चव डोक्यात पक्की होती, कृती मात्र कुणी सांगितलेली नव्हती. चुका करत तो त्या चवीपर्यंत पोहोचला. अर्थशास्त्र मागे पडलं आणि भावाबरोबर त्यानं पहिलं रेस्टॉरंट काढलं.

त्या काळी अमेरिकेत मोरोक्कन रेस्टॉरंट म्हटलं की एक ठरीव देखावा असायचा. तंबूसारखं छत, लोड-तक्के, आणि जेवणाच्या मध्ये बेली डान्स, जो मुळात मोरोक्कोचा नाहीच, अरब जगाच्या पूर्वेकडचा आहे. पाहुण्याला वाळवंटाचा भास विकायचा आणि ताटात तेच तेच पदार्थ द्यायचे. हातावर पाणी घालण्याची रीतसुद्धा तिथे नाटकातला प्रवेश होऊन बसली होती. लाहलूनं 2001मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘अझीझा’ सुरू केलं. अझीझा हे त्याच्या आईचं नाव. बाजारातली ताजी भाजी, कॅलिफोर्नियाच्या शेतांवरचं मांस आणि मराकेशची चव असं ते जेवण होतं. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या 2010च्या मार्गदर्शिकेत ‘अझीझा’ला तारा मिळाला. अमेरिकेतल्या मोरोक्कन रेस्टॉरंटला मिळालेला तो पहिलाच तारा.

2015मध्ये त्यानं शहराच्या मध्यवस्तीत ‘मुराद’ उघडलं. जागा होती न्यू माँटगोमेरी रस्त्यावरची 1925 सालची, 26 मजली इमारत. ती एका टेलिफोन कंपनीसाठी बांधलेली होती. त्याच वर्षी तिथेही तारा आला.

आता टेस्टिंग मेन्यूच्या या छोट्या बशांमध्ये काय असतं ते पाहू. मोठ्या ताटात झाकलेल्या कितीतरी गोष्टी छोट्या बशीत उघड्यावर येतात, आणि माझ्या मते या जेवणाची खरी कमाई तीच आहे.

कुसकुसच घ्या. मोरोक्कोत ते शुक्रवारचं जेवण. अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या कुसकुसच्या परंपरेला 2020मध्ये युनेस्कोनं एकत्रित मान्यता दिली. जाड रव्यावर पाणी शिंपडायचं, वर बारीक पीठ भुरभुरायचं आणि तळहातानं गोल गोल फिरवत कण वळायचे. ज्यांनी घरात आजीला गव्हले वळताना पाहिलं आहे त्यांना ही बोटांची गती लगेच कळेल. मग चाळायचं आणि उकळत्या रश्श्यावर ठेवलेल्या जाळीच्या भांड्यात वाफवायचं. पहिल्या वाफेनंतर ते परातीत ओतायचं, पाणी आणि तूप-तेल लावून हातानं गुठळ्या फोडायच्या आणि पुन्हा वाफेवर चढवायचं. असं तीनदा. कण फुगतो, पण शेजारच्याला चिकटत नाही. पाकिटातलं कुसकुस गरम पाण्यात पाच मिनिटांत तयार होतं, पण त्यात हा सगळा प्रवास नसतो. मोठ्या ताटात कुसकुसवर सात भाज्या आणि रस्सा येतो, त्यामुळे एखादी वाफ चुकली तरी निभावून जातं. छोट्या बशीत चार चमचे कुसकुस एकटं उभं राहतं. तिथे लपायला जागा नाही.

दुसरी बस्तिला. फेस शहराचा हा मानाचा पदार्थ. कबुतराचं मांस कांदा, आलं आणि केशरात शिजवायचं. त्याच रश्श्यात अंडी घालून तो आटवायचा. तळलेल्या बदामाच्या भरडीत साखर आणि दालचिनी मिसळायची. हे सगळं ‘वरका’ नावाच्या झिरझिरीत पापुद्र्यांत गुंडाळून भाजायचं आणि वर पिठीसाखर आणि दालचिनीची नक्षी काढायची. वरका म्हणजे पान. तो लाटत नाहीत. ओल्या, चिकट पिठाचा गोळा हातात धरून तापलेल्या पालथ्या तव्यावर टेकवत जायचं. प्रत्येक टेकणीला एक पातळ ठसा उरतो. ठशाला ठसा जोडत पापुद्रा होतो आणि तो अलगद सोलून घ्यायचा. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बाईचा हात आणि हा हात एकाच बिरादरीचे वाटतात. गोड आणि तिखट-खारट एकाच घासात येतं याचं युरोपीय पाहुण्याला नवल वाटतं. पुरणपोळी आणि कटाची आमटी एकाच पानात जेवणाऱ्याला ते वाटू नये.

मेजवानीतली बस्तिला परातीएवढी असते आणि सगळे कडेकडून तोडत आत जातात. वाटीएवढी केली की प्रत्येकाच्या घासात पापुद्रा, मांस आणि बदाम यांचं प्रमाण नेमकं बसतं. पण गरम सारणानं बोट भाजणं, शेजाऱ्यानं आधी भगदाड पाडणं, ही गंमत जाते.

तिसरी गोष्ट वेळ. मोरोक्कोचं लिंबू मिठात घालून महिनाभर मुरवतात. आपल्या मिठातल्या लिंबासारखीच त्याची साल मऊ होते, कडूपणा जातो, आणि वापरतात ती मुख्यतः सालच. ‘स्मेन’ म्हणजे खारवून मुरवलेलं लोणी, त्याला तीव्र वास येतो. ‘रास अल-हानूत’ या मसाल्याच्या नावाचा अर्थ दुकानाचा मुकुटमणी: वाण्याकडची उत्तमातली उत्तम वस्तू त्यात जाते, आणि प्रत्येक वाण्याचं मिश्रण वेगळं. आपल्या घराघरांतल्या गोड्या मसाल्यासारखं. नवे शेफ कितीही नवं करोत, त्यांच्या कपाटातल्या बरण्या जुन्याच असतात.

या बरण्यांमागे काही माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. मोरोक्कोतल्या श्रीमंत घरांत स्वयंपाक ‘दादा’ करायच्या. दादा म्हणजे घरातली स्वयंपाकीण. त्यांतल्या कित्येकजणी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी बायका किंवा त्यांच्या लेकी-नाती होत्या. पाककृती त्यांच्या हातात होती, वहीत नव्हती. फेस आणि मराकेशच्या ज्या जेवणाचं जग कौतुक करतं ते मोठ्या प्रमाणात यांनी घडवलं, आणि यांतल्या बहुतेकींचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. आज तारा शेफच्या नावापुढे लागतो. तो लागावा. पण मेन्यूवर ‘परंपरा’ हा शब्द छापताना ती कुणाच्या कष्टांतून आली याचीही जाण असावी.

दुसरी व्यक्ती नजात कानाश. तिचा प्रवास उलट दिशेचा. आई-वडील मोरोक्कोचे, तिचा जन्म स्पेनच्या बास्क प्रांतातला. ‘एल बुली’च्या स्वयंपाकघरात तिनं काम केलं, जगातल्या आणखी नामांकित स्वयंपाकघरांत हात तयार केला आणि 2016मध्ये फेसच्या जुन्या शहरात ‘नूर’ हे रेस्टॉरंट सुरू केलं. नूर म्हणजे प्रकाश.

फेसचं हे जुनं शहर 1981पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही. माल खेचरांच्या पाठीवर आणि हातगाड्यांवर येतो. ‘नूर’चा मेन्यू बाजाराच्या मागे चालतो. बाजारात जे आलं त्यावर त्या दिवशीच्या बशा ठरतात. लाहलूला सॅन फ्रान्सिस्कोत मराकेश आठवावं लागत होतं. इथे शहर दाराबाहेरच उभं आहे. पण कानाशपुढची अडचण त्याहून बिकट म्हणायला हवी. कॅलिफोर्नियातल्या पाहुण्याला बस्तिला कशी असते हे सांगावं लागतं. फेसमधल्या माणसाला ते सांगायची सोयच नाही, कारण त्याच्या घरची बस्तिला त्याच्या मते जगातली सर्वांत चांगली आहे.

आता मधल्या ताटाकडे परत येऊ. छोट्या बशांच्या जेवणात एक गोष्ट हरवते. तिला मराठीत नेमका शब्द आहे: आग्रह. ठरलेल्या क्रमानं ठरलेले घास येतात, सगळ्यांना सारखे. कुणी कुणाला वाढत नाही, कुणी आपल्यातलं देत नाही. मधल्या ताटातून तुकडा सरकवणारं बोट काय, किंवा पंगतीत ‘अजून एक घ्याच’ म्हणत पानावर जिलबी टाकणारा यजमान काय, दोघांचं काम एकच. वाढणारा आपल्या हातानं सांगतो की तुझं पोट भरणं मला महत्त्वाचं आहे. एकाच ताटातले लोक आणि वेगवेगळ्या पानांवरचे लोक इथे एकमेकांना ओळखतात.

लाहलूला ही उणीव कळली होती असं मला वाटतं, कारण ‘मुराद’मध्ये त्यानं टेस्टिंग मेन्यूच्या जोडीला मेन्यूचा एक भाग ‘ल-अशा’ या नावानं ठेवला. दारिजा या मोरोक्कन बोलीत याचा अर्थ रात्रीचं जेवण, इतकाच. त्यात मेंढ्याच्या अख्ख्या खांद्यासारखे मोठे पदार्थ टेबलाच्या मधोमध यायचे, सगळ्यांसाठी. एकाच छताखाली दोन्ही रीती नांदत होत्या.

मला वाटतं या जेवणाची कसोटी इथेच आहे. एकट्या बशीतलं कुसकुस आपल्याला नीट पाहायला शिकवतं, त्याचा एकेक कण ओळखायला लावतं. ते शिक्षण मोलाचं आहे. पण त्यानंतर एकदा तरी ते मोठं ताट मध्ये यावं. मेंढ्याचं मांस हाडावरून सुटत असावं. चौघेजण क्षणभर थांबावेत, आधी कुणी हात घालायचा म्हणून. मग एकानं मऊ तुकडा मोकळा करावा आणि आपल्याकडे न घेता शेजाऱ्याच्या बाजूला सरकवावा.