मुठीच्या पोटातला कागद

सराव चालू असताना आमच्या गुरूंनी माझी तलवार हातात घेतली, मूठ एकदा पिळून पाहिली आणि तलवार खाली ठेवली. "ही घेऊन उभं राहायचं नाही," एवढंच म्हणाले.

नागोयात मी सहा वर्षं इआइदो शिकते आहे. म्यानातून तलवार उपसायची, वार करायचा, पातं पुन्हा म्यानात घालायचं, एवढ्याच क्रियेचा हा आयुष्यभर पुरणारा अभ्यास. माझी तलवार सरावाची, मिश्रधातूची, बिनधारेची आहे. पण तिला टोक आहे, वजन आहे. वार करताना पातं मुठीतून निसटलं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल याची कल्पनाही नको. तिच्या मुठीवरची फीत उन्हाळ्यापासून तळव्याखाली सरकत होती आणि मी ते चालवून घेत होते. शेवटी मूठ नव्यानं गुंडाळून घ्यायला सेकीला गेले. तिथे एका कारागिराच्या शेजारी बसून जे पाहिलं, ते लिहिते आहे.

गिफु प्रांतातलं सेकी हे कामाकुरा काळापासून तलवारीच्या लोहारांचं गाव. आज तिथे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे बनतात, पण तलवारीचं कामही सुटलेलं नाही. तिथल्या लोहारकामाच्या संग्रहालयात ठरावीक दिवशी प्रात्यक्षिकं होतात. लोहार तापलेल्या पोलादावर घण घालतात, ठिणग्या उडतात आणि सगळी गर्दी तिथेच उभी राहते. मीही पहिल्या वर्षी तिथेच उभी होते. पण जपानी तलवार एकट्या लोहाराची नसते. पात्याला झिलई देणारा वेगळा, पात्याच्या मुळाशी बसणारी धातूची पट्टी घडवणारा वेगळा, म्यान कोरणारा वेगळा आणि मूठ गुंडाळणारा वेगळा. या शेवटच्याला त्सुकामाकी-शी म्हणतात. त्सुका म्हणजे मूठ, माकी म्हणजे गुंडाळणी.

कारागिरांची खोली लहान होती. खिडकीपाशी बैठक, समोर मूठ अडकवायला लाकडी खुंट, बाजूला टोच्यासारखी दोन-तीन हत्यारं, कात्री, पाण्याची वाटी. आधी त्यांनी मला प्रश्न विचारले. आठवड्यातून किती वेळा सराव करता? हाताला घाम किती येतो? उजव्या हाताची पकड दाखवा. सुती फीत स्वस्त पडते, पण तिची लव लवकर सुटते. चामडं टिकाऊ. रेशीम घट्ट बसतं. आम्ही रेशीम ठरवलं.

मग त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मेकुगी म्हणतात तिला. करंगळीहून बारीक. पातं मुठीत धरून ठेवण्याची सगळी जबाबदारी हिच्यावर आणि मुठीच्या लाकडावर. आपल्याकडच्या पारंपरिक तलवारीची मूठ सगळी धातूची असते आणि पात्याचा शेपटा राळ वितळवून तिच्यात कायमचा बसवलेला असतो. जपानी मूठ मात्र उतरवण्यासाठीच बनवलेली असते. खुंटी काढा, मनगटावर हलकेच ठोका, पातं सुटतं. अस्सल तलवारीत लोहाराचं नाव अनेकदा त्या आतल्या शेपटावर कोरलेलं असतं आणि तिथला जुना गंज कुणी घासून काढत नाही, कारण पात्याचं वय ओळखायला त्याची मदत होते.

पातं बाजूला ठेवून त्यांनी जुन्या फितीची गाठ कापली आणि फीत उलगडायला सुरुवात केली. प्रत्येक फुलीपाशी थांबून ते आत पाहत होते. सात-आठ फुल्या उलगडल्यावर त्यांनी मूठ माझ्यापुढे धरली. "कागद नाही," ते म्हणाले.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. दुपारी कळला.

मुठीचा गाभा लाकडाचा असतो. त्यासाठी होनोकी हे झाड वापरतात. लाकूड हलकं, मऊ आणि पोलादाला गंज न चढवणारं. याच झाडाच्या रुंद पानावर गिफुच्याच हिदा भागात मिसो भाजून खातात. लाकडाचे दोन अर्धे भाग आतून कोरायचे, नेमक्या त्याच पात्याच्या शेपटाएवढे, आणि भाताच्या खळीनं जोडायचे. त्यामुळे एका तलवारीची मूठ दुसरीला बसत नाही. कारागिरांनी माझ्या मुठीचं लाकूड उजेडात धरून फिरवलं, नखानं ठोकलं, आत डोकावून पाहिलं. "चीर असती तर मी गुंडाळली नसती. आधी नवीन लाकूड कोरून आणायला सांगितलं असतं." तडकलेल्या लाकडावर सुंदर फीत गुंडाळली की चीर झाकली जाते, भरून निघत नाही.

लाकडावर कातडं. त्याला सामे म्हणतात. सामे या शब्दाचा अर्थ मुशी, म्हणजे शार्क, पण प्रत्यक्षात ते कातडं पाकटाचं असतं. कोकणच्या मासळीबाजारात पाकट पाहिलेल्यांना त्याची खरखरीत पाठ आठवेल. त्या पाठीवरचे पांढरे दाणे दातासारखे कठीण असतात. एके काळी ही कातडी सयाममधल्या अयुथ्थयाहून हरणांच्या कातड्यांबरोबर जहाजांनी जपानात येत. हे कातडं शोभेचं नाही. ते लाकडाला आवळून धरतं, तडकू देत नाही, आणि वरच्या फितीला दाण्यांची पकड देतं. माझ्या मुठीवर ते पूर्ण वेढलेलं नव्हतं, दोन बाजूंना दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या शाबूत होत्या, म्हणून ठेवल्या.

मग गुंडाळणी सुरू झाली. गडद निळी रेशमी फीत, बोटभरही रुंद नाही, आपल्या नाडीसारखी सपाट विणलेली पण कितीतरी दाट, लांबी साडेचार मीटरच्या आसपास. तिचा मध्य काढून तो मुठीच्या पात्याकडच्या टोकाला बसवला. आता दोन्ही पदर दोन बाजूंनी पुढे जाणार, मुठीच्या दोन्ही अंगांवर एकमेकांना ओलांडणार. ओलांडताना प्रत्येक पदर अर्धा पीळ घेऊन उभा राहतो, त्यामुळे फुली सपाट न होता उंचावते. एका फुलीत डावा पदर वर, पुढच्या फुलीत उजवा. दोन फुल्यांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी उरते आणि तिच्यातून पाकटाचे पांढरे दाणे दिसतात. वाटेत मेनुकी, म्हणजे धातूच्या दोन नक्षीदार आकृत्या, फितीखाली बसतात. त्या समोरासमोर नसतात. एक पात्याकडे सरकलेली, दुसरी मुठीच्या शेवटाकडे.

आणि प्रत्येक फुलीखाली कागद. जाड हातकागदाचे छोटे त्रिकोण, पाण्याचा हात लावून मऊ केलेले. हिशिगामी. फीत ओढायच्या आधी कारागीर टोच्याच्या टोकानं एक त्रिकोण डावीकडे आणि एक उजवीकडे सारत, मग पीळ देत, मग ओढत. ओढणं हाताचं नव्हतं. खांदा, पाठ, सगळं अंग मागे जात होतं. ओढून झालं की पदर चिमट्यात अडकवायचा, कारण एक पदर क्षणभर सैल पडला तरी मागच्या तीन फुल्या जागा सोडतात. मूठ उलटायची, दुसऱ्या अंगाला तेच.

पाचव्या फुलीला शंकरपाळा केसभर कलला. मला दिसलाही नाही. त्यांनी चिमटा सोडला, दोन फुल्या उलगडल्या, एक त्रिकोण काढून कात्रीनं किंचित लहान केला आणि पुन्हा घातला.

एका अंगावर बारा फुल्या झाल्या, दोन्ही अंगांच्या मिळून चोवीस. प्रत्येकीत दोन त्रिकोण, म्हणजे अठ्ठेचाळीस कागद. माझ्या जुन्या मुठीत यातला एकही नव्हता. म्हणूनच फुलीच्या दोन्ही बगला पोकळ होत्या, तळव्याच्या दाबानं फीत त्या पोकळीत दबत गेली आणि सरकायला लागली. विकत घेतली तेव्हा ती मूठ बाहेरून अगदी अशीच दिसत होती. तेच शंकरपाळे, तोच रंग. कागद वाचवला तर कामाचा वेळ वाचतो आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. फरक हाताला कळतो, तोही वर्ष-दोन वर्षांनी.

शेवटी दोन्ही पदर मुठीच्या टोपीतल्या छिद्रांतून ओवून गाठी मारल्या, टोकं टोच्यानं आत दडवली आणि कापली. सकाळी नऊला बसलेले कारागीर साडेतीनला उठले. अंगठ्यानं एकेक फुली बाजूला रेटून त्यांनी मूठ माझ्या हाती दिली. मीही रेटून पाहिली. काहीच हललं नाही.

1876 साली मेइजी सरकारनं सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली आणि या कारागिरांचं रोजचं काम एका फटक्यात संपलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात तलवारी जप्त झाल्या, नव्या घडवायला मनाई झाली. तरी ही विद्या टिकली, कारण पातं शतकानुशतकं टिकतं आणि फीत टिकत नाही. घाम, धूळ, पकड यांनी ती झिजते, झिजायलाच असते. ती बदलणारा हात दर पिढीला लागतो. लोहाराचं नाव पात्यावर राहतं. मूठ गुंडाळणाऱ्याचं काम झिजून कापलं जातं आणि त्या जागी दुसऱ्याचं येतं. तरी कुणालाच दिसणार नाही असा अठ्ठेचाळिसावा कागद पहिल्याइतक्याच नीट घालणारी माणसं आजही आहेत, ही मला या विद्येची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

भारतातही इआइदोचा आणि केंदो या जपानी तलवारबाजीचा सराव करणारे आहेत, परदेशातून मागवलेल्या तलवारी घरी ठेवणारेही आहेत. त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक सरावाआधी बांबूची खुंटी तपासा आणि मूठ पिळून पाहा. फीत सरकत असेल तर तलवार खाली ठेवा, मी केली तशी चालढकल करू नका. जुन्या तलवारीची फीत स्वतः कापू नका. आणि मूठ कुणाकडे गुंडाळायला देणार असाल, तर रंग आणि किंमत विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: आतलं लाकूड तपासणार का, आणि फुलीखाली कागद घालणार का. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, तरच मूठ त्यांच्या हाती द्या.