निहोनबाशीचें मित्सुकोशी



जुनी इमारत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एकतर पडका वाडा येतो, नाहींतर पदार्थसंग्रहालय. परंतु जिच्यासाठीं बांधली तेंच काम शंभर वर्षांनंतरहि करणारी इमारत विरळा. टोकियो शहरांतील निहोनबाशी भागांत मित्सुकोशी नांवाचें असें एक भव्य दुकान आहे.

या पेढीचें मूळ १६७३ सालीं मित्सुई ताकातोशी यानें काढलेल्या ‘एचिगोया’ या कापडदुकानांत आहे. त्या काळीं व्यापारी धनिकांच्या घरीं माल नेत, माणूस पाहून भाव सांगत व उधारी चालवीत. मित्सुईनें रोख पैसा व सर्वांस एकच भाव हा नियम घातला. तेथें सामान्य माणूसहि निःशंकपणें जाऊं लागला. १९०४ सालीं पेढीनें नानाविध माल एका छपराखालीं विकण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९१४ सालीं योकोगावा तामिसुके या शिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें पोलादी सांगाड्याची नवी इमारत उभी राहिली. लंडनच्या ट्रफाल्गर चौकांतील सिंहांच्या धर्तीवर घडविलेले दोन कांस्याचे सिंह तिच्या दाराशीं बसले.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं मोठा भूकंप झाला व पाठोपाठ आग लागली. इमारतीचा अंतर्भाग जळाला. सांगाडा मात्र तग धरून राहिला. तो मोडून टाकणें सोपें होतें. पण चालकांनीं त्याचाच आधार घेऊन दुरुस्ती केली व १९२७ मध्यें इमारत पुन्हां उभी केली. पूर्वीं गिऱ्हाइकास पादत्राणें दाराशीं काढून ठेवावीं लागत. भूकंपानंतर तो प्रघात सुटला व जोडे घालून आंत जाण्याची मोकळीक मिळाली. १९३५ सालीं विस्तार पुरा होऊन मध्यभागीं पांच मजले उंचीचा, वरून प्रकाश येणारा दिवाणखाना झाला. युद्धकाळांत धातूसाठीं नेलेले सिंहहि वितळण्यापासून बचावले आणि १९४६ मध्यें आपल्या जागीं परतले.

२०१६ सालीं जपान सरकारनें या इमारतीस महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून मान्यता दिली. तरीहि तेथें किमोनो विकले जातात, खाद्यपदार्थ बांधून दिले जातात, लोक सिंहांपाशीं एकमेकांची वाट पाहतात. जें टिकवावयाचें तो सांगाडा त्यांनीं टिकविला. जी बदलावयाची ती रीत बदलली. हा विवेक ज्यांस साधतो त्यांच्या वास्तूंस कुलूप लागत नाहीं. आपल्या गांवच्या जुन्या इमारतींवर घण घालण्यापूर्वीं एवढा विचार अवश्य व्हावा.