दहिसरच्या नाक्यावरचा ग्रीक शब्द

पश्चिम द्रुतगती महामार्गावर मुंबई संपते आणि मीरा रोडची हद्द लागते, तिथल्या दहिसरच्या नाक्याला तीन नावं आहेत. कुणी चेकनाका म्हणतं, गाडीवाले टोलनाका म्हणतात आणि मालवाहू ट्रकवाल्यांसाठी १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत तो जकातनाकाही होता. नाका आपला, पण त्याआधीचे तिन्ही शब्द लांबून चालत आले आहेत. जकात अरबी, दानधर्मातली जकात तीच. चेक हा इंग्रजी शब्द बुद्धिबळातून आला. त्याचं मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे पटावर आपण देतो तो शह आणि हा चेक एकाच घरातले.

तिसरा शब्द टोल. इंग्रजीत तो हजार वर्षांहून जुना आहे. जर्मन लोक सीमाशुल्काला ‘त्सोल’ म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. दोघांच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला ‘तेलोनियुम’ आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘तेलोनिओन’, अर्थ सरळ नाका. बायबलमध्ये येशूने मत्तयाला बोलावलं तेव्हा तो याच तेलोनिओनवर बसलेला होता. मराठी बायबलने तिथे जकातनाका आणि जकातदार हे शब्द घेतले, आणि ते अगदी चपखल बसले.

या सगळ्याच्या तळाशी आहे ‘तेलोस’, म्हणजे कर, देणं. एका मताप्रमाणे त्याचा धातू उचलणे, भार वाहणे या अर्थाचा आहे आणि संस्कृतमधली ‘तुला’ त्याच धातूची. हे मत सर्वमान्य नाही. पण ते खरं असेल तर आपला ‘तोल’ आणि नाक्यावरचा ‘टोल’ दूरचे भाऊबंद ठरतात. घड्याळाचे टोले मात्र यात ओढू नयेत. इंग्रजीत घंटेच्या संथ ठोक्यालाही ‘टोल’ म्हणतात, पण तो शब्द ओढणे या अर्थाच्या वेगळ्या क्रियापदातून आलेला मानतात. घंटेचा दोर ओढायचा, म्हणून.

बातम्यांतला ‘डेथ टोल’ करातूनच निघाला. पूर, अपघात, साथ यांनी माणसांकडून केलेली वसुली, असा तो भाव. हा शब्दप्रयोग मला नेहमी कठोर वाटतो, कारण त्यात मेलेली माणसं भरलेल्या रकमेसारखी मोजली जातात. मराठीतला ‘मृतांचा आकडा’ही कोरडाच आहे, पण निदान वसुलीची भाषा करत नाही. १८०० ने सुरू होणारा ‘टोल फ्री’ नंबर अमेरिकेतून आला. तिथे लांबच्या फोनला जादा आकार पडे, त्याला टोल म्हणत.

करातून सुटका या कल्पनेलाही ग्रीकांकडे शब्द होता, ‘अतेलेइआ’, म्हणजे थेट टोलमाफी. १८६४ मध्ये जॉर्ज एर्पॅं या फ्रेंच माणसाला टपाल तिकिटं जमवण्याच्या छंदासाठी नाव हवं होतं. तिकीट लावलेलं असलं की पत्र घेणाऱ्याला काही द्यावं लागत नाही, म्हणून त्याने ‘अतेलेइआ’ उचलला आणि ‘फिलाटेली’ घडवला. तिकिटांचा अल्बम आणि दहिसरचा नाका यांचं असं नातं आहे!

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली ती १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून. त्याआधी मोटारीला एका फेरीचे ४५ रुपये पडत. शहरातल्या उड्डाणपुलांचा खर्च भरून काढायला ही वसुली सुरू झाली होती. अवजड वाहनांना माफी नव्हती. ग्रीकमध्ये ‘तेलोस’चा दुसरा अर्थ आहे शेवट, पूर्तता. टोलला हा अर्थही लागू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पूल बांधायला किती लागले, किती वसूल झाले, किती उरले, हे आकडे दराच्या पाटीइतक्याच मोठ्या अक्षरांत नाक्यावर लावले पाहिजेत.

वाटेवरची वसुली आपल्याकडे नवी नाही. कल्याण-जुन्नर वाटेवरच्या नाणेघाटात सातवाहनकाळातला म्हणून दाखवतात तो दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इंग्रज सरकारने १८५१ मध्ये रस्त्यांवरच्या आणि पुलांवरच्या टोलसाठी कायदाच केला. पण त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत उलटंही घडलं होतं. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी होडीने ओलांडावी लागे आणि माणसं बुडत. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी तिथल्या पुलासाठी १,५७,००० रुपये दिले, ते एका अटीवर. त्या वाटेने जाणाऱ्या कुणाकडूनही सरकारने टोल घ्यायचा नाही. तोच आजचा माहीम कॉजवे.