माळ्यावरचा रेडिओ भंगारात देऊ नका

देवळाली म्हटले की पुष्कळांना नाशिकजवळची छावणी आठवते. आपण बोलतो आहोत ती देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यातली, उसाच्या मुलखातली. तिथे काय किंवा तुमच्या गावात काय, दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवला की जुन्या वाकळांखालून कधी कधी एक लाकडी पेटी निघते. पुढे जाळीदार कापड, खाली चार बटणे, काचेवर आकडे आणि कुठल्या कुठल्या शहरांची नावे. सासूबाई म्हणतात, “अगं, हा मामंजींचा रेडिओ!” आणि धाकटा मुलगा म्हणतो, “देऊन टाका भंगारात.” भंगारवाला तो वजनावर घेतो. ट्रान्सफॉर्मरमधले तांबे काढतो, पेटी चुलीत जाते.

वाचकहो, देण्याआधी आठ दिवस थांबा. पण एक गोष्ट आधीच बजावतो. थांबायचे म्हणजे प्लग लावून बघायचे नव्हे. ते का, हे पुढे सांगतो.

या पेटीला आपल्या जिल्ह्यात इतिहास आहे. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने तिथून एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. गावोगावी श्रोत्यांची मंडळे केली. अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले, सारे मराठीत. मंडळी रेडिओभोवती बसत, ऐकत, मग कंदिलाच्या उजेडात त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या अभ्यासकाने पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडली, लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्यासुद्धा, असे त्यात दिसले. १९५९ पासून ही मंडळे देशभर निघाली. आता अहिल्यानगर म्हणतात त्या आपल्या जिल्ह्याने त्याची सुरुवात पाहिली, हे नातवंडांना सांगायला हरकत नाही.

आता पेटीकडे वळू. मागचा पुठ्ठा काढण्याआधी प्लग कुठेही नाही याची खात्री करा. आत काचेचे दिवे दिसले तर तो व्हॉल्व्हचा सेट. हे सेट तीन जातींचे असतात आणि जात ओळखल्याशिवाय हात घालू नये.

पहिली जात ट्रान्सफॉर्मरवाली. व्हॉल्व्हवर ईसीएच ८१, ईएल ८४, ईझेड ८० असे काही लिहिलेले असते. ही त्यातल्या त्यात सरळ जात, तरी आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये काही वेळ वीज साठून राहते.

दुसरी जात घातकी. तिला मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि व्हॉल्व्हची नावे “यू”ने सुरू होतात: यूसीएच, यूएल, यूवाय. यात विजेची एक तार सरळ आतल्या पत्र्याला, म्हणजे चॅसीला जोडलेली असते. दोन पायांचा प्लग उलटा बसला की सारा पत्रा जिवंत. बटणाची टोपी गळून पडली असेल आणि आतला लोखंडी दांडा उघडा असेल, तर ओल्या हाताने आवाज वाढवायला जाणारा माणूस जागीच बसेल. अशा सेटच्या पत्र्याला अर्थिंगची तार कधीही थेट जोडू नका. बटणे, मागचा पुठ्ठा आणि तळाचे स्क्रू झाकलेले असल्याशिवाय तो पोराबाळांच्या घरात चालवायचा नाही. दुरुस्तीही मधे अलग करणारा ट्रान्सफॉर्मर ठेवूनच व्हावी. कारागिराला हे माहीत नसेल तर सेट परत आणा, चार पैसे गेले तरी चालतील.

तिसरी जात गावाकडची खरी लाडकी, बॅटरीचा सेट. गावात वीज नव्हती तेव्हा नव्वद व्होल्टची भलीमोठी कोरडी बॅटरी आणि सोबत दीड व्होल्टची दुसरी लागे. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह. ती बॅटरी आता मिळत नाही म्हणून लोक सेट टाकून देतात. अहो, नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की नव्वद व्होल्ट झाले! आणि चारही व्हॉल्व्हच्या तारा मिळून एक अष्टमांश अँपिअर घेतात, त्याला टॉर्चचा एक मोठा सेल पुरतो. मात्र नव्वदची तार चुकून दीडच्या जागी लागली, तर चारही व्हॉल्व्ह डोळ्यांदेखत जातील. म्हणून तारांना आधी रंगीत दोरे बांधा.

आता प्लग का लावायचा नाही ते सांगतो. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात आणि कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सर फुटतो, त्याच्या पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि पन्नास रुपयांचे काम हजारांवर जाते. जाणता कारागीर ६० वॅटचा बल्ब सेटच्या वाटेत, सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब तारेचाच हवा, एलईडीचा इथे उपयोग नाही.

बदलायचे काय? सर्वांत आधी आवाजाच्या व्हॉल्व्हकडे जाणारा छोटा कागदी कंडेन्सर. तो गळका असेल तर ईएल ८४ लालबुंद तापतो. मीटरने त्या व्हॉल्व्हच्या दुसऱ्या पायावर मोजावे, काटा शून्यावर असला पाहिजे. त्या जागी पॉलिएस्टरचा ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा बसवला की काम झाले. मग फिल्टरचे दोन मोठे कंडेन्सर. गुरगुर जावी म्हणून पुष्कळ मोठे घालण्याचा मोह होतो, पण ईझेड ८० च्या पुढचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नसावा. मेन्सची कापडी तार उंदराने कुरतडलेली असणारच, ती सरळ नवी घाला.

खरखर होते, बँड बदलला की आवाज जातो, ही तक्रार बहुधा बटणाच्या आतल्या मळाची असते. स्वच्छ करायचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले की निम्मे सेट बोलू लागतात. काटा हलत नसेल तर डायलची दोरी तुटली आहे. कर्ण्याचा कागद फाटला असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि थोडा फेव्हिकॉल, बस्स.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका: पत्र्याच्या चौकोनी डब्यांतले स्क्रू. त्यांना आयएफटी म्हणतात. ते ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास कारखान्यात जुळवलेले असतात. मी तरुणपणी शेजाऱ्यांचा सेट “जरा घट्ट करून देतो” म्हणून लोखंडी पेचकसाने पिळले. आतला गाभा चिरला आणि बोलता सेट मुका झाला. शेजारीण वहिनींनी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पुन्हा चहाला बोलावले नाही. फिरवायचेच असतील तर जुळणी करणारे यंत्र असलेल्याने, आणि प्लॅस्टिकच्या पेचकसाने.

काही घरांतून ट्रान्झिस्टर निघतील. त्यात बहुतेकदा सेल गळून पट्ट्या खाल्लेल्या असतात. पट्ट्या घासा किंवा बदला. एएफ ११४ ते ११७ या जातीचे ट्रान्झिस्टर असतील तर एक नवल ऐका. त्यांच्या डबीत वर्षानुवर्षांत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. कारागीर त्याचा चार पायांपैकी डबीला जोडलेला पाय तोडतो, आणि तो पुष्कळदा जिवंत होतो.

सुधारणा कितपत करावी, यावर माझे मत सांगतो. जळालेल्या ईझेड ८० च्या जागी दोन सिलिकॉन डायोड चालतात, पण व्होल्टेज वाढते म्हणून सोबत शंभर-दोनशे ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर हवा. सहा व्होल्टच्या ट्रान्झिस्टरला पुन्हा चार्ज होणारे १.२ व्होल्टचे पाच सेल शोभतात. दोन लिथियम सेल जोडू नयेत, भरल्यावर ते आठ व्होल्टच्या वर जातात. ब्लूटूथ घालून देणारेही भेटतील. घाला, पण आतले काही न काढता. पेटीत मोबाइलच वाजवायचा तर रेडिओ कशाला?

ऐकू काय येईल, हेही खरे सांगितले पाहिजे. रेडिओ सिलोन ऐकत बसण्याचे दिवस गेले. बीबीसीची लघुलहरींवरची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. एफएम या पेट्यांवर बहुधा येत नाही. पण मध्यम लहरींवर पुणे ७९२ किलोहर्ट्झला आहे. जुन्या डायलवर मीटर असतात, म्हणून ३,००,००० ला ७९२ ने भागा: सुमारे ३७९ मीटर. लघुलहरींवर ३१ आणि २५ मीटरच्या पट्ट्यांत रात्री परदेशी केंद्रे येतात, चीनची तर दणक्यात.

त्यासाठी एरियल हवी. १५-२० मीटर तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, घरापासून जमेल तितकी दूर. एलईडी बल्ब, चार्जर आणि मोटारचा स्टार्टर हे आजचे मोठे शत्रू. सेट लावून घरातला एकेक दिवा बंद करत जा, कोण भुणभुणतो ते कळेल. तार विजेच्या लाइनच्या वरून वा खालून नेऊ नका, तिच्या जवळपासही नको. आणि वळवाचे ढग दिसले, पहिला गडगडाट झाला, की एरियल सेटमधून काढून घराबाहेर टाका.

सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. जाताना जुना भाग सोबत न्या, आणि बदललेले सारे भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवा. पुढच्या कारागिराला आधी काय होते ते कळते.