खिचडीपलीकडचा साबुदाणा

उपवासाचा साबुदाणा निघतो कसावा नावाच्या कंदातून. तमिळनाडूतला सेलम जिल्हा हे त्याचं आगर. तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था 1981 साली सुरू झाली. सोललेला कंद किसून पाण्यात धुतला की पांढरा स्टार्च तळाशी बसतो. तो ओलसर असतानाच हलवत त्याचे दाणे वळतात, मग भाजून किंवा वाफवून वाळवतात. कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. या सगळ्या खटाटोपात ती बहुतांशी निघून जातात. कच्चा कंद मात्र खाऊ नये.

या स्टार्चला स्वतःची चव जवळपास नसते, शिजल्यावर तो पारदर्शक होतो. त्यामुळे सॉस, सूप दाट करायला उत्तम. ब्राझीलचा चीजपाव ‘पाव द केजू’ आणि तैवानच्या बबल टीतले मणी याचेच.

स्वयंपाकघराबाहेरचा पसारा तर अधिकच रंजक: मागावर चढण्याआधी सुताला लावायची खळ, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गोंद, कागदाचा गुळगुळीतपणा, द्रवरूप ग्लुकोज.

पोषणाचं म्हणाल, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतली प्रथिनं येतात ती शेंगदाण्याच्या कुटातून.